तळ आधी वाचा, मग कानस उचला

कोलोरॅडोत दसरा आणि स्कीचा हंगाम पाठोपाठ येतात. केनोशा खिंडीतली अ‍ॅस्पनची झाडं सप्टेंबरअखेर पिवळीधमक होतात. त्यांची पानं गळेपर्यंत लव्हलँड आणि अरापाहो बेसिनच्या उतारांवर रात्रीच्या थंडीत कृत्रिम बर्फ पाडायला सुरुवात झालेली असते. डेन्व्हरजवळच्या आमच्या घरी खंडेनवमीच्या पूजेत कानशी, मेणाची इस्त्री, पितळी ब्रश आणि खरवडायच्या पट्ट्या मांडलेल्या असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपात याच दिवशी लेथला झेंडूचा हार चढायचा. कामाला नवीन लागलेल्या प्रत्येक पोराला ते पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत: माल काढता येतो, काढलेला परत चढवता येत नाही. स्कीच्या तळाबद्दल मला जे सांगायचं आहे, त्याच्या मुळाशी हेच आहे.

इथली अनेक मराठी कुटुंबं शरद ऋतूत भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारातून वापरलेल्या स्की घेतात. पोरं दरवर्षी उंच होतात, नव्या स्की कुठवर घेणार? त्यातल्या बऱ्याच स्की माझ्या गॅरेजमध्ये येतात. वरून चकचकीत, खालून कोरड्या, कडांना गंज. त्यातल्या बहुतेक वाचवता येतात. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. क्रम पाळावा लागतो आणि हात आवरता यावा लागतो.

१. पहिल्या संध्याकाळी फक्त बघायचं.

स्की तळ वर करून व्हाइसमध्ये बसवावी, ब्रेक जाड रबर बँडने मागे बांधावेत, ओल्या फडक्याने धूळ पुसावी. कानस खणातच राहू द्यावी. मग एक सरळ पोलादी पट्टी तळावर आडवी टेकवायची आणि तिच्या मागे दिवा धरायचा. पट्टीखाली मधोमध उजेड दिसला, तर तळ आत गेलाय आणि कडा उंच राहिल्यात. अशी स्की वळवताना कडा आपल्या आधी बर्फ पकडतात आणि नवशिक्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. दोन्ही टोकांना उजेड दिसला, तर तळ मध्ये फुगलाय. मग स्की सपाट चालवताना डावी-उजवीकडे भरकटते आणि कड बर्फाला लागायला उशीर होतो. ही तपासणी पुढच्या टोकापासून शेपटीपर्यंत वीतवीतभर अंतरावर करावी. बुटाखाली सपाट आणि पुढे पोकळ अशा स्की सर्रास सापडतात.

पट्टीनंतर रंग बघायचा. काळ्या तळावर पांढुरकी झाक असेल, तर ती कुठे आहे हे महत्त्वाचं. बहुधा ती कडेलगत आणि बुटाखालच्या भागात असते, कारण वळताना सगळा भार तिथेच येतो. बोट फिरवलं तर तिथे बारीक तंतू उभे राहिलेले जाणवतात. मेण संपलेल्या तळाला बर्फाच्या धारदार कणांनी खरवडल्याची ही खूण. हंगामाच्या सुरुवातीला इथे एकदोनच उतार उघडतात, तेही बहुतेक कृत्रिम बर्फाचे, आणि त्या बर्फाचे कण घट्ट व कठीण असतात. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत तळ जितका झिजतो, तितका पुढे पावडर बर्फात महिनाभरातही झिजत नाही, असं माझं मत आहे.

शेवटी ओरखडे. लांबीच्या दिशेने गेलेले बारीक ओरखडे तसेच राहू द्यावेत, त्यांनी स्की फारशी अडत नाही. आडवे ओरखडे, कडेला खेटून असलेले आणि आतलं लाकूड किंवा काचतंतूंचा थर दिसेल इतके खोल, एवढ्यांवरच स्कीच्या वरच्या बाजूला मास्किंग टेप लावून खूण करावी. दुसऱ्या दिवशी काम या खुणांनीच सुरू होतं.

२. हाताखाली काय आहे ते माहीत असावं.

स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. बादल्या आणि डबे याच कुळातल्या प्लास्टिकचे, पण चांगल्या तळातल्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब असतात. इतक्या लांब, की हे प्लास्टिक तापवलं तरी धड वाहत नाही. म्हणून त्याची भुकटी उष्णतेने आणि दाबाने घट्ट करून जाड दंडगोल बनवतात आणि लेथसारख्या यंत्रावर पात्याने त्याचा पातळ, अखंड पट्टा सोलून काढतात. हा सिंटर्ड तळ. स्वस्त स्कींना आणि मुलांच्या बऱ्याच स्कींना एक्स्ट्रूडेड तळ असतो. त्यातलं प्लास्टिक वितळवून साच्यातून थेट पट्टीच्या रूपात बाहेर काढलेलं असतं. सिंटर्ड तळ कणखर असतो, मेण जास्त धरतो, पण दुर्लक्ष केलं तर त्याची घसरण लवकर मंदावते. एक्स्ट्रूडेड तळ मेण कमी घेतो आणि दुर्लक्ष जास्त सोसतो.

दोन आकडे लक्षात ठेवावेत. नव्या तळाची जाडी साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास असते, काही स्कींत त्याहूनही कमी. आणि हे प्लास्टिक १३५ अंश सेल्सिअसच्या जवळपास मऊ होऊन वितळू लागतं. पहिला आकडा घासण्याला मर्यादा घालतो, दुसरा इस्त्रीला.

३. मळ मेणानेच काढावा.

दुकानात तळ साफ करायचं द्रावण मिळतं. ते मळासोबत वरच्या थरातलं मेणही ओढून घेतं आणि तळ आणखी कोरडा पडतो. मी ते फक्त दुरुस्तीच्या जागेपुरतं वापरते, कारण तिथे मेणाचा अंशही नको असतो. बाकी सगळीकडे मऊ, पिवळं मेण लावून इस्त्रीने वितळवायचं आणि ते गरम असतानाच प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं. मेणाबरोबर राखाडी मळ वर येतो. बाजारातून आणलेल्या स्कीला हे दोनतीनदा करावं लागतं. खरवडलेलं मेण स्वच्छ निघालं की थांबायचं.

४. भरायची जखम कोणती, सोडायची कोणती.

खोल ओरखडे भरायला पॉलिएथिलीनच्या कांड्या मिळतात. पी-टेक्स या नावाने सगळे त्या ओळखतात. कांडी पेटवून तिचे थेंब ओरखड्यात पाडायचे असतात. दिसायला सोपं, पण त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ज्योत मोठी आणि पिवळी झाली की काजळी धरते, आणि काजळीचे कण मिसळलेला थेंब तळाला नीट चिकटत नाही, पहिल्याच दिवशी निघून जातो. म्हणून कांडी तळापासून बोटभरापेक्षाही जवळ धरायची, पोलादी पट्टीवर टेकवून फिरवत ज्योत लहान आणि निळसर ठेवायची, आणि काळे थेंब त्या पट्टीवरच पडू द्यायचे. स्वच्छ थेंब यायला लागले की मग ओरखड्याकडे वळायचं. गॅरेजचं दार उघडं असावं, हातमोजे असावेत. पेटलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं आणि पुसून निघत नाही.

ओरखडा तळाच्या किंचित वर येईल इतका भरावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि वर आलेला भाग धारदार पोलादी पट्टीने थोडा थोडा काढावा. घाईने गरम असतानाच ओढलं तर भरलेला सगळा तुकडा उपटून येतो.

कांडीचं प्लास्टिक वितळून वाहतं, कारण त्याचे रेणू लहान असतात. अर्थात ते मूळ तळापेक्षा मऊ असतं आणि लवकर झिजतं. ही डागडुजी दरवर्षी पुन्हा करावी लागली तर त्यात आश्चर्य नाही.

कडेला खेटून असलेली जखम मात्र वेगळी. साधं पॉलिएथिलीन पोलादाला चिकटत नाही. तिथे आधी धातूला धरणारा थर लागतो, तो दुकानात गरम बंदुकीने देतात. आणि लाकडापर्यंत गेलेली जखम असेल, तर सर्वात आधी स्की घरात उबेला दोनतीन दिवस कोरडी होऊ द्यावी. ओलसर लाकडावर तळाचा तुकडा चिकटवला तर आत कोंडलेलं पाणी लाकूड कुजवतं आणि थर सुटायला लागतात. एवढी मोठी जखम चौकोनी कापून, त्याच जाडीचा तुकडा इपॉक्सीने बसवून, दाब देऊन रात्रभर ठेवावी लागते. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडेच द्यावं. दुरुस्तीचा खर्च आणि स्कीची किंमत यांची तुलना आधी करा, पण लहानशा जखमेसाठी चांगली स्की टाकून देऊ नका.

५. सपाट करायचं काम यंत्राचं, तेही क्वचित.

पट्टीखाली मोठा उजेड दिसला असेल तर पॉलिशपेपर घेऊन घरी घासत बसू नये. दगडी चाकाचं यंत्र तळ आणि कडा एकत्र सपाट करतं आणि तळावर बारीक रेषांची नक्षी उमटवतं. ही नक्षी शोभेची नसते. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला प्रयोग करून दाखवलं की, घसरताना घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की पुढे सरकते. कडक थंडीत हे पाणी कमी पडतं, म्हणून नक्षी बारीक हवी. वसंतातल्या ओल्या बर्फात पाणी जास्त होतं आणि गुळगुळीत तळ खाली चिकटून बसतो. तिथे पाणी वाहून न्यायला जाड, खोल रेषा लागतात. कोलोरॅडोच्या कोरड्या थंडीत जानेवारीला जी नक्षी उत्तम, ती एप्रिलच्या दुपारी पाय धरून ठेवते.

काही दुकानं 'पूर्ण ट्यून-अप' घ्या, दरवर्षी घ्या, असा आग्रह धरतात. प्रत्येक घासणीत तळ पातळ होतो आणि कडाही. पट्टीने तळ सपाट दाखवला तर मी नकार देते, तुम्हीही द्या. यंत्रावर स्की द्यायचीच असेल, तर 'किती काढणार?' हा प्रश्न विचारल्याशिवाय देऊ नका. ज्याला तो प्रश्न आवडतो, तो कारागीर चांगला समजावा.

६. कड.

साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी लाकडी स्कीच्या काठाला पोलादाचे तुकडे स्क्रूने बसवायची कल्पना १९२६ मध्ये पेटंट केली. त्याआधी लाकडाच्या कडा झिजून गोल होत आणि कठीण बर्फावर धरतच नसत. आज कड अखंड असते आणि तिला दोन बाजू असतात: तळाकडची आणि बाहेरची. दोन्हींचे कोन अंशांत मोजतात. हौशी माणसाच्या स्कीला तळाकडून १ अंश आणि बाहेरून २ अंश उतार बहुधा पुरतो.

या दोन बाजूंना कधीही सारखी वागणूक देऊ नये. बाहेरची बाजू आपली. तिला धार लावायची. तळाकडची बाजू मात्र शक्यतो सोडून द्यावी. तिथे दर खेपेला कानस फिरवली की उतार वाढत जातो, १ अंशाचा दीड, दीडचा दोन. मग स्की कितीही कलवली तरी कड उशिरा लागते. आणि हा वाढलेला उतार कमी करायचा एकच मार्ग आहे: सगळा तळ यंत्रावर घासून खाली आणणं. म्हणजे दीड मिलिमीटरमधला मोलाचा भाग एका निष्काळजी संध्याकाळपायी घालवणं. तळाकडच्या बाजूला बारीक डायमंड स्टोन हलक्या हाताने फिरवून खरखर काढली की पुरे.

दगडावर आपटलेल्या जागी आधी कानस चालवू नये. आपटताना तिथलं पोलाद क्षणात तापून थंड होतं आणि काचेसारखं टणक बनतं. कानस त्यावरून घसरते आणि तिचे दात जातात. आधी तो टणक भाग ओल्या डायमंड स्टोनने उतरवावा, मग कानस.

बाहेरच्या बाजूला कोन धरणारा मार्गदर्शक साचा वापरावाच. नुसत्या हाताने कोन राहत नाही. कडेला पक्क्या शाईच्या मार्करने रंग द्या आणि कानस एकदा हलकेच फिरवा. शाई संपूर्ण रुंदीवर गेली तर कोन जुळला. अर्धीच गेली तर साचा चुकीच्या अंशावर आहे किंवा वरची प्लास्टिकची बाजू आड येते आहे. ही प्लास्टिकची बाजू थोडी मागे सोलावी लागते. तिच्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. कानस एकाच दिशेने, लांब आणि सलग ओढावी, दर दोनतीन ओढींनंतर ब्रशने झाडावी. पोलादाचा कीस तळात रुतला तर तो तिथे गंजतो. शेवटी बारीक स्टोनने आणि गम स्टोनने खरखर काढावी. नख कडेवर टेकवून ओढलं आणि नखाचा पांढरा चुरा निघाला, की धार आली.

नवशिक्यासाठी स्की तयार करत असाल, तर पुढच्या टोकाची आणि शेपटीची कड गम स्टोनने जराशी बोथट करा. त्याचं पहिलं वळण सोपं जातं.

७. मेण: थोडं, पुन्हा पुन्हा, आणि थंड होऊ देऊन.

कोरड्या तळाला पहिल्याच दिवशी थंडीचं कडक मेण लावायची घाई नको. आधी मऊ मेण द्यावं. ते कमी उष्णतेत वितळतं आणि तळाच्या प्लास्टिकमधल्या सैल भागांत शिरतं. लावा, थंड करा, खरवडा, पुन्हा लावा. पांढुरकेपण जाऊन तळ काळाशार दिसू लागेपर्यंत हे चक्र चालू ठेवावं. त्यानंतर हवेप्रमाणे मेण. बहुतेक उत्पादक रंगांचा एकच संकेत पाळतात: पिवळं वितळत्या बर्फासाठी, लाल शून्याच्या आसपास, जांभळं त्याखाली, निळं त्याहून थंडीला आणि हिरवं कडाक्यासाठी. लेबलवरचं तापमान बर्फाचं की हवेचं, हे वाचावं. इथल्या पहिल्या कृत्रिम बर्फासाठी मी त्या दिवसाच्या तापमानाला लागतं त्याहून एक पायरी कडक मेण वापरते. त्यामुळे तळ कमी झिजतो.

कपड्यांची इस्त्री मेणाला वापरू नये. तिचं तापमान वरखाली होत राहतं आणि वाफेच्या भोकांत मेण अडकून जळतं. मेणाच्या इस्त्रीवर पाकिटावर लिहिलेलं तापमान लावावं. धूर आला की इस्त्री जास्त तापली आहे. तळ आणि इस्त्री यांच्यामध्ये कायम मेणाचा थर असला पाहिजे आणि इस्त्री एका जागी क्षणभरही थांबता कामा नये. १३५ अंशांचा आकडा इथे कामाला येतो. इस्त्रीमागे काही सेंटिमीटर लांबीचं ओलं मेण चकाकत राहिलं, तर वेग बरोबर आहे. पलीकडची, वरची बाजू हाताला नुसती कोमट लागावी.

यानंतर किमान अर्धा तास थांबायचं. रात्रभर थांबलात तर उत्तम. मग धारदार अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीने सगळं मेण खरवडून काढायचं. नवीन माणसाला इथे वाईट वाटतं, इतक्या कष्टाने लावलेलं मेण काढायचं म्हणून. पण कामाचं मेण आत गेलेलं आहे, वर राहिलेला थर स्कीला अडवतो. नक्षीच्या रेषांत बसलेलं मेण पितळी, मग नायलॉनच्या, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने, कायम पुढच्या टोकाकडून शेपटीकडे काढावं.

मेणाबद्दल सगळ्यांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. लिओनिद कुझमिन यांनी २००६ मध्ये स्वीडनच्या लुलेओ विद्यापीठातल्या प्रबंधात मेणाच्या गरजेवरच शंका घेतली. मेण लावलेला तळ मळ धरतो आणि पोलादी पट्टीने नीट खरवडलेला कोरडा तळ चांगला घसरतो, असं त्यांचं म्हणणं. क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत हा वाद खुशाल चालू द्या. डोंगरउतारावर, कडांवर भार टाकून वळणाऱ्या माणसाच्या तळाचं झिजेपासून रक्षण करायला मला मेणाइतकं स्वस्त दुसरं काही सापडलेलं नाही.

८. बायंडिंगला हात लावू नये.

बूट बायंडिंगमधून किती जोराला सुटेल, हा आकडा माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचं कौशल्य यांवरून ठरतो आणि त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तो प्रशिक्षित तंत्रज्ञाने यंत्रावर तपासून लावायचा असतो. वापरलेली स्की घेतली की हे आधी करून घ्या. जुन्या बायंडिंगची सेवा उत्पादकाने थांबवली असेल, तर तळ कितीही सुंदर असो, त्या बायंडिंगवर मुलाला पाठवू नका.

९. मुलांच्या स्कीला सर्वात आधी मेण.

घरात चार जोड असतील, तर आईबाबांच्या स्कीला मेण लागतं आणि मुलांच्या तशाच जातात, असं मी दरवर्षी बघते. ते उलट व्हायला हवं. मूल हलकं असतं. सपाट जागेवर कोरडी स्की त्याला पुढे नेतच नाही. मोठी माणसं काठ्या मारत निघून जातात आणि ते मागे एकटं ढकलत राहतं, रडकुंडीला येतं. नीट मेण लावलेल्या स्कीवर तेच पोर स्वतःहून पुन्हा लिफ्टच्या रांगेत उभं राहतं. आठनऊ वर्षांचं मूल ब्रश मारायला उत्साहाने तयार होतं, त्याला मारू द्या. इस्त्री आणि कानस मात्र मोठ्यांच्याच हातात.

१०. जुनी फ्लोरोची डबी वापरू नका.

स्कीबरोबर बाजारातून मेणाचं जुनं खोकंही पुष्कळदा फुकट मिळतं आणि त्यात एखादी फ्लोरोकार्बनची डबी निघते. ते मेण पाणी फार चांगलं झटकतं, म्हणून एके काळी शर्यतवाले त्यावर भरपूर पैसे घालवत. पण त्यातली रसायनं निसर्गात विघटन पावत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठत जातात, आणि तापवल्यावर निघणारी वाफ विषारी असते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या सर्व स्पर्धांत त्यावर बंदी लागू केली. त्याच हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, ऑस्ट्रियातल्या सोल्डनला, नॉर्वेची एक आघाडीची खेळाडू या तपासणीत बाद झाली. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२६ पासून अशा मेणाच्या विक्रीलाही कायद्याने मनाई आहे. आपण ज्या उतारांवर स्की करतो, त्यांचंच बर्फ वितळून डेन्व्हरच्या नळाला येतं. अशी डबी तुमच्या गॅरेजमध्ये असेल तर ती कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या, या हंगामाआधीच.